क्षितिजच्या बाजूची बटणं

ज्योतीराम कुठलीही वस्तू आधी खालून बघतो. खुर्ची दिसली की तिचे पाय, दार दिसलं की बिजागऱ्या. मुलगी बघायला उदगीरला गेला तेव्हा पोह्यांच्या बशा ठेवलेलं टेबल डुगडुगतंय हे त्याला आधी दिसलं आणि मुलगी मागाहून, असं दिपाली चारचौघांत सांगते. खिशातलं बसचं तिकीट दुमडून त्याने म्हणे टेबलाच्या पायाखाली सारलं, टेबल हलवून बघितलं, मग मान वर करून होकार दिला. “टेबलाला दिला की मला, ते अजून कळलं नाही,” हा तिचा शेवटचा टोला. मधली काही वर्षं तिने तो मारणं सोडून दिलं होतं.

भोसरीच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये तो फिटर आहे. त्याचं काम फिक्श्चर बनवण्याचं. यंत्रावर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा जागचा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारी चौकट म्हणजे फिक्श्चर. गावाकडे आईला त्याने हे एकदा समजावलं होतं. “पोळपाट सरकू नये म्हणून तू खाली ओलं फडकं टाकतीस का न्हाई? तेच करतो मी. माझं फडकं लोखंडाचं, एवढंच.”

“एवढ्यासाठी पुण्याला गेलास व्हय रं?” आई म्हणाली.

साहेबराव उस्तादांच्या हाताखाली तो हे काम शिकला. उस्ताद रिटायर होऊन राजगुरुनगरला घरी बसले, पण त्यांचं बोलणं ज्योतीरामच्या अंगात मुरलं ते मुरलंच. एखाद्या यंत्रावर माल कमी निघायला लागला की सुपरवायझर कामगारावर डाफरतो. उस्ताद म्हणायचे, “माणूस थकणारच. त्याला शिव्या देऊन काय होणार? तुम्ही फिक्श्चर बघा. दांडा जड जातोय? आतली स्प्रिंग हलकी टाका. हात पोचत नाही? दांडा खाली घ्या.” ज्योतीरामने जन्मभर हेच केलं, आणि तेही गाजावाजा न करता. शिफ्ट बदलायच्या आत स्प्रिंग बदलून मोकळा. कामगार आपला सकाळी येऊन म्हणायचा, “आज अंगात जोर आहे राव,” आणि दणादण काम काढायचा. ज्योतीराम लांबून बघून मिशीत हसायचा. या हसण्यानेच त्याचा पुढे घात केला, असं मला वाटतं.

त्याला मुलं दोन. थोरला क्षितिज, धाकटी दिव्या. क्षितिज दुसरीत असताना पळता पळता पडायला लागला. मग जिना चढताना स्वतःच्या गुडघ्यावर हात रोवून म्हाताऱ्यासारखा उठायला लागला. हाडाचे डॉक्टर झाले, गावाकडचा देव झाला, शेवटी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात निदान झालं. स्नायू हळूहळू विरत जाण्याचा आजार. आधी पाय जातात, मग खांदे, मग हात, मग छातीतलं बळ. औषधाने वेग थोडा कमी होतो, पण गाडी थांबत नाही. हा आजार मुलग्यांना होतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं होतं, पण गावाकडे ते चांगलं मोठ्याने पोचलं. दिपालीने कुणाशी भांडण केलं नाही. ती चाकणच्या एका कंपनीत वायरींच्या जुड्या बांधायच्या कामाला जात होती, तशीच जात राहिली. फक्त हसायच्या आधी ती इकडेतिकडे बघायला लागली, हसलं तर चालेल का असं विचारल्यासारखी.

त्यांनी लांडेवाडीतली वरच्या मजल्यावरची खोली सोडली आणि तळमजल्यावरची घेतली. सातवीत क्षितिज चाकाच्या खुर्चीत बसला. सुरुवातीला गल्लीतली पोरं यायची, कॅरम खेळायची. मग उन्हाळा लागला, मैदानात टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू झाल्या. पोरांना तरी काय बोल लावणार?

गणपतीच्या सुट्टीत सगळे मॉलमध्ये गेले. तिथे खेळांची दालनं होती. माणसाच्या उंचीची रंगीत कपाटं, त्यांत पडदा, समोर दांडा आणि बटणं. क्षितिजची खुर्ची कपाटाच्या खालच्या लाकडाला अडायची आणि त्याचे हात बटणांपाशी पोचायचे नाहीत. दिव्या एक डाव खेळली आणि “काही मजा नाही” म्हणून बाजूला झाली. तिला चांगलीच मजा येत होती, पण ती पोर आईवर गेली आहे. ज्योतीराम मात्र गुडघे टेकून कपाटाच्या खाली डोकं घालून बसला होता.

“ओ काका, काय पडलंय का?” सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

“न्हाई भाऊ, बघायलोय,” ज्योतीराम तिथूनच म्हणाला. परतताना रिक्षात तो एकच वाक्य बोलला. “हे तर साधं फिक्श्चर हाय.”

मग त्याला झपाटलं. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते, दिपालीच्या कंपनीला रविवारी, त्यामुळे नवरा-बायको एका दिवशी घरात असण्याचा योग गणपतीतच यायचा. गुरुवारी मुलं शाळेत आणि बायको कामावर असताना ज्योतीराम दारात बसून लोखंडी अँगल कापायचा, प्लायवूड घासायचा. क्षितिजला खुर्चीत सरळ बसवून त्याने मापं घेतली. गुडघ्याची उंची, कोपर, हात लांब केल्यावर बोटं कुठवर येतात ते.

“पप्पा, मी काय लोखंड आहे का?” क्षितिज खिदळत होता.

“तसा असतास तर बरं झालं असतं रं,” ज्योतीराम बोलून गेला, आणि मग बराच वेळ टेपच्या आकड्यांकडे बघत बसला.

टूलरूममधल्या रणजीतने एक जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यात जुने मारामारीचे, गाड्यांचे खेळ भरून दिले. पडदा जुन्या बाजारातून आला. कपाट तयार झालं ते अगदी कारखान्यातल्या यंत्रासारखं. रंगसुद्धा तोच, लेथला मारतात तो हिरवा. खाली चाकाची खुर्ची आत जाईल एवढी मोकळी जागा. डावीकडे क्षितिजचा दांडा आणि बटणं, उजवीकडे दिव्याची. आणि मधोमध एक मोठं लाल बटण, दाबलं की सगळं बंद. याची काय गरज, असं दिपालीने विचारलं. लाल बटण नसलेलं मशीन ज्योतीरामला उघडंवाघडं वाटतं, हे तिला कोण सांगणार? त्या बटणाचा उपयोग दिव्याने पहिल्याच संध्याकाळी शोधून काढला. हरायला आली की ती ते दाबायची.

गल्लीतली पोरं परत आली. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला. “क्षितिज, माझा नंबर कधी?” असं म्हणत पोरं त्याची मनधरणी करायची आणि हा खुर्चीत बसून ठाणेदारासारखा नंबर लावायचा. सोन्यासारखं वर्ष गेलं ते.

दिवाळीनंतर एकदा क्षितिज म्हणाला, “पप्पा, माझं बटण अडकतंय.”

ज्योतीरामने फळी उघडली. बटण अडकत नव्हतं. त्याने स्वतःच्या बोटाने दाबून बघितलं, दोनदा, चारदा. स्वच्छ जात होतं. मग त्याने क्षितिजला दाबायला सांगितलं आणि बटणाकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघितलं. एक बटण खाली जायला पोराचा अख्खा खांदा पुढे येत होता. डॉक्टरांनी सांगितलेली गाडी हातांच्या स्टेशनावर आली होती.

“हां, कचरा होता आत,” ज्योतीराम म्हणाला. “करतो मी गुरुवारी.”

भोसरी गावात चिमाजी लांडगे यांचा स्प्रिंगा वळायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एकटे चिमाजी. टूलरूमच्या सगळ्या स्प्रिंगा ते वळतात. ज्योतीरामने बटणातली बारकी स्प्रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, अशीच पाहिजे, पण हलकी. त्या गुरुवारी त्याने डाव्या बाजूच्या सगळ्या बटणांत आणि दांड्याखाली नव्या स्प्रिंगा टाकल्या. उजव्या बाजूला हात लावला नाही. कुणाला काही बोलला नाही. बोलायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कामगाराला कुणी सांगतं का?

संध्याकाळी क्षितिजने दिव्याला लोळवलं. मग गल्लीतल्या दोघांना. खेळता खेळता तो थांबला, स्वतःच्या बोटांकडे बघितलं, आणि ओरडला, “आई! माझ्या हातात जोर यायला लागलाय!”

दिपाली स्वयंपाकाच्या ओट्यापासून पिठाच्या हातांनीच धावत आली. रोज संध्याकाळी ती तिळाचं तेल कोमट करून त्याच्या तळव्यांना, बोटांना चोळायची. किती महिने चोळत होती. “तेलाला गुण आला बाई,” ती म्हणाली. आणि खुर्चीशेजारी बसून हसली, इकडेतिकडे न बघता.

ज्योतीराम दारात उभा होता. त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

मग ते चालूच झालं. महिना दीड महिना झाला की बटणं पुन्हा जड व्हायची आणि एखाद्या गुरुवारी पुन्हा हलकी व्हायची. क्षितिज जिंकत राहिला. दिपाली शेजारणीला तेलाचं कौतुक सांगायला लागली. पाहुण्यांसमोर टेबलाची गोष्टही तिने पुन्हा काढली, तिकिटाच्या घडीपासून शेवटच्या टोल्यापर्यंत. ज्योतीराम ते ऐकताना खाली बघून हसला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्याची गत झाली होती.

चिमाजींनी एक दिवस काम थांबवून चष्मा कपाळावर घेतला. “ज्योतीराम, खरं सांग. ह्या स्प्रिंगा कंपनीच्या न्हाईत.”

ज्योतीरामने सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, आणि सांगताना शेडच्या पत्र्याकडे बघत राहिला.

चिमाजींनी हातातली बारकी स्प्रिंग उजेडात धरली. मग म्हणाले, “ह्याच्या खालची वायर माझ्याकडं न्हाई बाबा. ही बी धरताना दिसत न्हाई मला. ह्याच्या म्होरं काय करशील?”

ज्योतीरामने स्प्रिंगांची पुडी खिशात टाकली आणि पैसे मोजले.

आणि सहामाही तपासणी जवळ आली. दवाखान्यात अरुंधती मॅडम म्हणून व्यायामाच्या बाई आहेत. त्या हाताची पकड मोजतात. एक मूठ असते, ती दाबायची, की वरच्या तबकडीवर काटा सरकतो. क्षितिजला कधी एकदा तो काटा सरकवतो असं झालं होतं. मागच्या वेळी कुठवर गेला होता ते त्याला पाठ होतं. दोन्ही हात पोटाशी धरून तो टीव्ही बघतानाही मुठी आवळायचा, सराव म्हणून.

ज्योतीराम त्या मुठीचा विचार करून करून अर्धा झाला. त्या मुठीतली स्प्रिंग बदलता येणार नव्हती. “पुढच्या महिन्यात जाऊ,” तो म्हणाला. क्षितिजने ऐकलं नाही. “कामं हायेत,” ज्योतीराम म्हणाला. गुरुवारची वेळ मिळाली होती, कामं कसली? दिपालीने रजा मागितली, पण तिच्या कंपनीत बाहेरचे साहेब तपासणीला येणार होते, रजा मिळाली नाही. सकाळी जाताना तिने क्षितिजच्या दोन्ही तळव्यांना थोडं तेल लावलं आणि कंपनीची बस पकडायला पळाली.

रिक्षा नाशिक फाट्याला अडकली. आता सांगू, असं ज्योतीरामने ठरवलं. सिग्नल सुटला. बोपोडीला सांगू. तिथेही सिग्नल मोकळाच मिळाला, आणि नको तेव्हा दवाखाना पटकन आला.

अरुंधती मॅडमनी मूठ क्षितिजच्या हातात दिली. “मॅडम, तुम्ही बघाच आता,” तो म्हणाला. त्याने दात आवळले, मान ताठ केली, खांदा पुढे आणला. काटा थोडासा हलला आणि थांबला.

“छान. आता दुसरा हात,” मॅडम म्हणाल्या.

“थांबा, नीट धरलं नव्हतं.” त्याने पुन्हा दाबलं. मग दुसऱ्या हाताने. मग पुन्हा पहिल्या. मॅडम “छान, छान” म्हणत राहिल्या. पण तो टूलरूमवाल्याचा पोरगा. तबकडीवरचा काटा कसा वाचायचा हे ज्योतीरामनेच त्याला हौसेने शिकवलं होतं. काटा मागच्या खुणेच्या निम्म्यावरही आला नव्हता. क्षितिजने काट्याकडे बघितलं, मग मॅडमकडे नाही, बापाकडे बघितलं. ज्योतीरामने खाली बघितलं, आणि पोराला सगळं कळलं.

परतताना रिक्षा दापोडीपर्यंत आली.

“कधीपासून?” क्षितिजने विचारलं.

“दिवाळीपासून.”

“गुरुवारी करत होतात?”

“हां.”

“दिव्याच्या बाजूच्या स्प्रिंगा पण बदलल्या?”

“न्हाई.”

क्षितिजने जरा विचार केला. “म्हणजे मी जिंकत नव्हतोच.”

“तसं न्हाई रे बाळा. खेळायला तू हुशारच हाईस. जोराचं फक्त...” पोरगा रडला असता तर त्याला जवळ तरी घेता आलं असतं. तो रडत नव्हता, रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या वाचत होता. त्या घटकेला आपल्या हातून काय झालंय ते ज्योतीरामला पुरतं कळलं. आजाराने पोराचा जोर टप्प्याटप्प्याने नेला होता, पोराला त्याची सवय होत होती. बापाने मात्र तो परत आणून दाखवला आणि एका सकाळी सगळा एकदम काढून घेतला. माणूस म्हणजे यंत्रावरचा कामगार नव्हे, हे उस्तादांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्यावर तरी कशाला ढकलायचं?

आता दिपालीला सगळं सांगून टाकायचं, हे त्याने रिक्षातून उतरतानाच ठरवलं. आजच.

संध्याकाळी दिपाली आली तीच दारातून विचारत आली. गळ्यातलं कंपनीचं कार्डसुद्धा काढलं नव्हतं. “काय म्हणाल्या मॅडम?”

ज्योतीरामने तोंड उघडलं.

“वाढलाय, आई,” क्षितिज म्हणाला. “काटा पार पुढे गेला. मॅडम म्हणाल्या, हे कशानं झालं? मी सांगितलं तेलाचं. म्हणाल्या, अजिबात बंद करू नका.”

दिपालीने नवऱ्याकडे बघितलं. “खरंच, अहो?”

“हो,” ज्योतीराम म्हणाला.

ती उंबऱ्यातच बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. दिव्या घाबरून तिच्या गळ्यात पडली. “अगं आई, वाढलाय म्हणतोय ना दादा, रडतेस काय!” मग दिपाली डोळे पुसून उठली आणि तेल कोमट करायला आत गेली. दिव्या तिच्या मागोमाग गेली.

क्षितिजने बापाला मानेने जवळ बोलावलं. ज्योतीराम खुर्चीपाशी वाकला.

“दिव्याला आता माझ्या बाजूला बसू देऊ नका,” क्षितिज हळूच म्हणाला. “तिला लगेच कळेल. ती आईला सांगेल.”

“न्हाई बसू देत.”

“आणि पुढच्या वेळीही आपण दोघंच जाऊ. गुरुवारचीच वेळ घ्या.”

ज्योतीरामने मान हलवली. चौदा वर्षांचं पोर बापाला खोटं बोलायला शिकवत होतं, आणि बापापेक्षा चांगलं शिकवत होतं.

दिपाली वाटी घेऊन आली, पाटावर बसली. तिने क्षितिजचा उजवा तळवा मांडीवर घेतला, अंगठ्याच्या मुळापासून तेल जिरवायला सुरुवात केली. रोजच्यासारखीच, एकेक बोट, एकेक पेर. मग आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं. “दाब बघू. मला बघू दे, मॅडमना काय दाखवलंस ते.”

क्षितिजने दात आवळून दाबलं. ज्योतीराम जवळच उभा होता, त्याला दिसत होतं. बोटं जेमतेम मिटली, एवढंच. तेलाने ती तिच्या बोटावरून घसरली. दिपाली बोटांकडे बघतच नव्हती, ती पोराच्या तोंडाकडे बघत होती. रोज ते तळवे हातात घेणाऱ्या बाईला तबकडीवरचा काटा बघायची गरज नव्हती. दिवाळीपासून एकही संध्याकाळ तिला गरज पडली नव्हती. ज्योतीरामला हे आत्ता, इतक्या उशिरा कळलं.

“आई गं!” दिपाली कळवळून ओरडली आणि बोट झटकन मागे घेतलं. “हळू की रे, मोडशील ना माझं बोट.”

क्षितिज खुशीत हसला, आणि आईला दिसणार नाही अशा बेताने त्याने बापाकडे बघून डोळा मिचकावला.